माठाच्या खापऱ्या

आमच्या बिल्डिंगमध्ये एक रीत होती. मस्कत सोडून जायचं ठरलं तरी तिकीट हातात येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. नोकरी संपलेली असो की व्हिसा, कुणी विचारलं तर "सुट्टीला चाललोय" एवढंच म्हणायचं. दार्सैतच्या चढावरच्या त्या चार मजल्यांतून मी लहानपणापासून कितीतरी कुटुंबं अशी सुट्टीला गेलेली पाहिली. जिन्यातून सोफा खाली उतरायला लागला की मग सगळ्यांना कळायचं, आणि तेव्हाही कुणी फार खोदून विचारायचं नाही.

त्या वर्षी पाळी आमची होती. बाबा एसी बसवणाऱ्या कंपनीत फोरमन होते. त्यांना साठ पूर्ण होत होती आणि मार्चनंतर व्हिसा वाढणार नव्हता. अर्बाबनं, म्हणजे ज्याच्या नावावर बाबांचा व्हिसा होता त्या ओमानी मालकानं, हे त्यांना ऑफिसात बसवून, कॉफी आणि खजूर देऊन सांगितलं होतं, त्यामुळे बाबांना रागही धड येईना. आई-बाबा चिपळूणच्या घरी जाणार होते. मी बाबांच्याच व्हिसावर होते, म्हणजे मीही जाणार होते. जन्म मस्कतचा, शाळा मस्कतची, आणि चिपळूणला मी दर दोन वर्षांनी पाच आठवडे राहिलेली. तिथे मला अजून पाहुण्यांच्या कपात चहा मिळायचा.

मला राहायचं होतं. राहण्याचा एकच मार्ग होता. मी एका शाळेत नववीला सामाजिक शास्त्र शिकवत होते, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी, तात्पुरती. त्या बाई परत येणार नाहीत असं जानेवारीत कळलं. त्यांची जागा मिळाली तर शाळा मला स्वतःचा व्हिसा देणार होती. त्यासाठी एक डेमो तास घ्यायचा होता. सुपरवायझर मॅडम मागच्या बाकावर बसून बघणार आणि तसा अहवाल देणार.

तो महिना मी नीट एका जागी बसलेली मला आठवत नाही. शाळेच्या बसमधून दोन स्टॉप आधीच उतरायचे. देवळाच्या गल्लीतून चढ चढायचा, बिल्डिंगपाशी यायचं आणि आत न जाता पुन्हा एक फेरी मारायची. घरात आई शोकेस मागच्या बाजूनं रिकामं करत होती. पुढची ओळ तशीच ठेवायची, म्हणजे शेजारच्या काकू आल्या तर काही दिसणार नाही. पडद्यामागे कार्टन रचलेले होते. मी घरात येरझारा घालायला लागले की आई म्हणायची, बस जरा, नाहीतर त्या कार्टनांना पाय लागेल. जेवताना आम्ही तिघं फक्त जेवणाबद्दलच बोलत होतो.

डेमोचा धडा मी निवडायचा होता. नववीला लोकशाहीचं प्रकरण होतं आणि त्यात अथेन्सवर दीड ओळ होती. मी तीच दीड ओळ निवडली.

ग्रीक लोक माझे जुने सोबती. पाचवीत असताना शाळेच्या लायब्ररीत मला एक जाडजूड चित्रांचं पुस्तक सापडलं होतं. लाल मातीच्या भांड्यांवर काळी माणसं, चेहरा बाजूला वळलेला आणि डोळा मात्र सरळ आपल्याकडे बघणारा. मी वर्गात कुणाशी फार बोलायचे नाही. मधल्या सुट्टीत त्या माणसांकडे बघत बसायचे, कारण ती बघायची, पण काही विचारायची नाहीत. पुढे मी त्यांची अक्षरं शिकले आणि त्या अक्षरांत मराठी डायरी लिहायला लागले. ‘च’साठी अक्षर नव्हतं, मग दोन अक्षरं जोडून काम भागवायचे. ती वही आईच्या हाती लागली तेव्हा तिला ते गणित वाटलं. तिनं कौतुकानं बाबांना दाखवलं.

अथेन्समधली एक पद्धत मला तेव्हापासून आवडायची. वर्षातून एकदा शहर स्वतःला विचारायचं, की यंदा कुणाला बाहेर काढायचं आहे का. एखादा माणूस फार मोठा झाला, डोईजड झाला, असं वाटलं तर लोक चौकात जमायचे. फुटक्या मडक्याची खापरी हे त्यांचं मतपत्र. त्यावर ज्याला काढायचं त्याचं नाव कोरायचं. पुरेशी मतं पडली तर ज्याच्या नावाच्या खापऱ्या सगळ्यांत जास्त, त्यानं दहा दिवसांत शहर सोडायचं, दहा वर्षांसाठी. आरोप नाही, खटला नाही. मला वाटलं, मुलांना कागदाऐवजी खरी खापरी हातात दिली तर तास रंगेल. सुपरवायझर मॅडमनाही असे उपक्रम आवडत.

खापऱ्या आणायच्या कुठून? घरात एक माठ होता. चिपळूणहून बाबांनी मांडीवर धरून विमानातून आणलेला. तो हल्ली तळातून गळत होता आणि परत नेण्यासारखा नव्हताच. मी म्हटलं, हा फोडू या.

आई ओट्यापाशी होती. तिनं हात पुसले आणि पहिल्यांदाच त्या महिन्यात नीट माझ्याकडे बघून बोलली.

"घरात माठ फोडतात का ग? माठ कुठे फोडतात ते ठाऊक आहे ना तुला?"

मला ठाऊक नव्हतं. बाबांनी हळूच सांगितलं की स्मशानात, चितेभोवती फिरून. इंग्रजी शाळेत शिकल्याचं आईनं मला कधी बोलून दाखवलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. पण ती बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

शेवटी बाबांनीच तोड काढली. घरात नाही तर गच्चीवर. शुक्रवारी सकाळी पाण्याच्या टाक्या आणि डिशच्या छत्र्या यांच्यामध्ये जुनी चादर अंथरून त्यांनी माठ पालथा ठेवला. हातोडीचे दोन हलके घाव. मग ते मांडी घालून बसले आणि एकेका तुकड्याची धार पॉलिश पेपरनं घासायला लागले, मुलांचे हात कापू नयेत म्हणून. अडतीस मुलं, दोन जादा, अशा चाळीस खापऱ्या. तीस वर्षं मोजून-मापून काम केलेला माणूस. दोन तास ते घासत होते आणि मी त्यांच्याभोवती फिरत होते.

"तुझ्या ग्रीकांकडे पॉलिश पेपर नसेल," ते म्हणाले. "त्यांची पोरं रक्तबंबाळ होत असतील."

"पोरांना मत नव्हतं, बाबा."

"मग कुणाला होतं?"

मी म्हटलं, तिथल्या पुरुषांना. जे तिथले होते त्यांना. बाबा हं म्हणाले आणि पुढची खापरी उचलली.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. रत्नागिरीकडच्या मुसलमान घरातली, वडील रुवीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात कामाला. वर्गात सगळे इंग्रजीत बोलत, तीही बोलायची. पण व्हरांड्यात एकटी सापडले की ती माझ्याशी मुद्दाम घरच्या कोकणी वळणाच्या मराठीत बोलायची आणि माझं उत्तर अडखळलं की हसायची. "मिस, तुमच्या मराठीपेक्षा माजी नानी बरा इंग्लिश बोलते," असं एकदा म्हणाली होती, म्हणजे माझं मराठी किती वाईट ते मी समजून घ्यायचं. शाळेतली सगळ्यांत चांगली वक्ती तीच. म्हणून डेमोसाठी मी चार पात्रं ठरवली, सेनापती, कुंभार, जहाजांचा मालक आणि सभा गाजवणारा पुढारी, आणि जहाजांचा मालक तिला केलं. चौघांनी एकेक मिनिट बोलायचं आणि मग वर्गानं खापरीवर मत द्यायचं. अथेन्समध्ये अशी भाषणं होत नसत, पण तास रंगायला हवा होता.

डेमोच्या दिवशी सुपरवायझर मॅडम मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. त्या केरळच्या, शाळेत सगळ्यांत जुन्या. मी खापऱ्या वाटल्या, खडू वाटले. मुलं त्या गुळगुळीत कडांवरून बोटं फिरवत होती. भाषणं झाली. सेनापती थोडा घाबरला, कुंभारानं हशा मिळवला. शेवटी जहाजांची मालक झालेली ती मुलगी उभी राहिली. माझी जहाजं धान्य आणतात, म्हणून तुम्ही जेवता, ती म्हणाली. मी उद्या नसले तर महिनाभरानं तुम्हाला माझी आठवण येईल. छान बोलली. पण वर्ग एकाएकी इतका शांत झाला की मला एसीचा आवाज ऐकू आला.

मी म्हटलं, लिहा आता, कुणी शहर सोडायचं.

कुणी लिहिलं नाही. मला वाटलं सूचना कळली नाही, म्हणून पुन्हा सांगितली. अडतीस मुलं खापरीकडे बघत होती. मधल्या रांगेतला एक जण खडू बोटांत फिरवत होता, बाकीचे तेही करत नव्हते. सुपरवायझर मॅडमचं पेन चाललेलं दिसत होतं. मग ती मुलगी स्वतःच जागेवरून उठली, तिनं खापरीवर काहीतरी लिहिलं आणि ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. तिनं जहाजांचा मालक असं लिहिलं नव्हतं. स्वतःचं नाव लिहिलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिचे वडील कामाला होते ते कापडाचं दुकान बंद झाल्याचं माझ्या कानावर आलं होतं, पण मी पुढचं जोडलं नव्हतं. ते लोक चालले होते, आणि आख्ख्या वर्गाला ते माहीत होतं, आणि रीतीप्रमाणे कुणी बोललं नव्हतं. जिथे दर वर्षी एक-दोन बाकं रिकामी होतात तिथे मी मुलांच्या हातात खापऱ्या देऊन विचारत होते की कुणाला घालवू या. ज्या रीतीत मी स्वतः वाढले, आणि त्या महिन्यात स्वतः पाळत होते, ती माझ्या ध्यानातच आली नव्हती.

ती टेबलापाशीच उभी होती.

"मिस, दहा वर्षांनी परत येता यायचं?"

"हो."

"आणि घर? ते दुसऱ्याला द्यायचे?"

"नाही. घर, जमीन, सगळं त्याचंच राहायचं."

"मग शिक्षा कसली, ही तर लीव्ह झाली," ती म्हणाली, आणि वर्ग हसला. अडतीस जणांनी एकदम श्वास सोडल्यासारखा.

मग प्रश्न सुरू झाले. आणि मी, जी एरवी उत्तरं कागदावर लिहून आणते, बोलत सुटले. कुणीतरी विचारलं, मत सगळ्यांना होतं का. मी सांगितलं, बायकांना नव्हतं, गुलामांना नव्हतं. आणि आणखी एक जमात होती. बाहेरून येऊन अथेन्समध्ये राहिलेले लोक. व्यापारी, कारागीर, कुंभारसुद्धा. कुणी कालचे आलेले, कुणाचा आजा तिथे जन्मलेला. ते कर भरायचे, लढाई झाली तर लढायचे, पण त्यांना तिथे घर किंवा जमीन घेता यायची नाही. आणि प्रत्येकाला एक अथेन्सचा माणूस लागायचा, जो म्हणेल की हा माझ्या नावावर इथे राहतो.

"अर्बाब!" तीन-चार बाकांवरून एकदम आलं.

मग आवरणं शक्य नव्हतं. त्यांना रेसिडेंट कार्ड असायचं का, मिस? नूतनीकरण? अर्बाब चांगला नसला तर? मी म्हटलं, देवीच्या मोठ्या उत्सवात त्यांना मिरवणुकीत चालायला मिळायचं, जांभळे झगे घालून, नैवेद्याची तबकं घेऊन. कुंभार झालेला मुलगा म्हणाला, म्हणजे आपण नॅशनल डेला नाचतो तसं. घंटा झाली तेव्हा कुणी उठलं नाही. खापऱ्या मी गोळा केल्या. एक लिहिलेली, बाकी सगळ्या कोऱ्या.

बसमध्ये त्या पिशवीत मांडीवर होत्या. मला आठवलं, अथेन्समध्ये एका विहिरीत ढिगानं खापऱ्या सापडल्या, सगळ्यांवर एकच नाव, मोजक्याच जणांच्या हस्ताक्षरातलं, लोकांत वाटायला आधीच तयार करून ठेवलेल्या. नाव असलं की संशोधकांना कळतं, हे मत होतं. पण एखाद्यानं चौकात उभं राहून काहीच लिहायचं नाही असं ठरवलं असेल, तर त्याची खापरी कशी ओळखणार? ती फक्त फुटकं मडकं. मी दोन ऐवजी तीन स्टॉप आधी उतरले.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मॅडमनी बोलावलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी दार लोटलं आणि बसायला सांगितलं. वर्ग जिवंत होता, म्हणाल्या. असा तास त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. पण वर्गात स्पॉन्सर, व्हिसा, कार्ड, असलं बोलणं झालं. एखाद्या मुलानं घरी जाऊन सांगितलं, घरच्यानं आणखी कुठे सांगितलं, तर काय अर्थ निघेल? अहवाल त्यांनी अजून दिला नव्हता.

"मी इथे सव्वीस वर्षं आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मला हे समजत नाही असं तू समजू नकोस. बुधवारी बी डिव्हिजनवर तोच तास पुन्हा घे. तेवढा भाग सोडून."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. विचार करते, असंही नाही.

व्हरांड्यात ती मुलगी थांबली होती. तिला माझ्याबद्दल कुठून कळलं कोण जाणे. तिची मावशी आमच्या मागच्याच गल्लीत राहायची, कदाचित तिनं बाबांना कार्टन आणताना पाहिलं असेल.

"मिस, तुमी पन चाललाव काय?"

"नाही ग," मी म्हटलं. "सुट्टीला."

ती माझ्याकडे बघत राहिली, त्या भांड्यांवरच्या माणसांसारखी, मान वळलेली आणि डोळा सरळ. मग म्हणाली, "आमी पन सुट्टीलाच." आणि गेली. तिनं एवढं विचारलं होतं, आणि तिला खरं सांगायला माझ्याइतकं योग्य माणूस त्या शाळेत दुसरं नव्हतं.

बुधवारी बी डिव्हिजनवर मी खापऱ्या नुसत्या दाखवल्या. मतदान घेतलं नाही. फळ्यावर मुद्दे लिहिले, नागरिक कोण, सभा किती वेळा, पुरेशी मतं म्हणजे किती. सगळं नीट चाललं होतं. शेवटची पाच मिनिटं उरली होती, तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मिस, ए डिव्हिजनला तुम्ही त्या अर्बाबवाल्या लोकांचं सांगितलंत. आम्हाला सांगा ना."

सुपरवायझर मॅडम वहीतून वर बघत होत्या, माझ्याकडे की त्या मुलीकडे, ते मला कळलं नाही. तोंडात शब्द तयार होते. तबकं, झगे, सगळं.

"तो भाग परीक्षेला नाही," मी म्हटलं.

आमच्या शाळांत यावर पुढे बोलणं नसतं. मुलीनं हात खाली घेतला. आणखी दोघा-तिघांनी उघडलेली पेनं बंद केली. मागच्या बाकावर मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

गुरुवारी ए डिव्हिजनमध्ये तिचं बाक रिकामं होतं. हजेरीत नाव आलं तेव्हा कुणीच काही म्हटलं नाही. मी पुढचं नाव घेतलं.

जागा मला मिळाली. मार्चच्या शेवटी आई-बाबा गेले. सोफा जिन्यातून उतरताना शेजारच्या काकू दारात आल्या आणि आईला मिठी मारून म्हणाल्या, सांगितलं नाहीस. आई म्हणाली, सुट्टीलाच तर चाललोय. दोघी रडल्या. विमानतळावर बाबांनी मला घरमालकाला परत द्यायच्या किल्ल्या, गॅसवाल्याचा नंबर आणि उरलेल्या पॉलिश पेपरचा एक तुकडा दिला. "लागला तर," म्हणाले. मी हसले, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून तो पर्समध्ये ठेवला. मग मी एका मैत्रिणीच्या फ्लॅटमधल्या खोलीत राहायला गेले. नवं कार्ड आलं. त्यावर माझं नाव आणि स्पॉन्सर म्हणून शाळेचं. मी ते कितीदा तरी बाहेर काढून पाहिलं. मला हवं होतं ते मिळालं होतं, तरी संध्याकाळच्या फेऱ्या काही थांबल्या नाहीत.

एप्रिलमध्ये नवी नववी आली. मी खापऱ्यांची पिशवी काढली. तिची खापरी मी वेगळी, खणात ठेवली होती. खडू पुसट झालेला, पण नाव अजून वाचता येतं. दहा वर्षांनी ती चोवीस-पंचवीसची होईल, म्हणजे आता मी आहे त्याहून थोडी मोठी. तिचं इथे घर नव्हतं, त्यामुळे परत आली तरी ती कुठे येणार, हे मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं की नको, मला अजून ठरवता येत नाही.

लोकशाहीचं प्रकरण आलं. खापऱ्या हातोहात फिरल्या, मुलांनी कडांवरून बोटं फिरवली. मत कुणाला होतं, असं एकानं विचारलं. मी पुरुष सांगितले, बायका सांगितल्या, गुलाम सांगितले, आणि थांबले. कार्ड दोन वर्षांचं असतं. आज नाही तर नूतनीकरणानंतर सांगू, असं मनात आलं, आणि नूतनीकरणानंतर पुन्हा तेच मनात येईल हेही कळलं. वर्गाचं दार उघडं ठेवायचा शाळेचा नियम आहे. मी दारापर्यंत गेले. व्हरांड्याच्या टोकाला सुपरवायझर मॅडम कुणाशी तरी बोलत उभ्या होत्या. मी दार लावून घेतलं आणि परत येऊन सांगायला सुरुवात केली, आणखी काही लोक होते, बाहेरून आलेले.

"मिस, जोरात," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "इथे काही ऐकू येत नाहीये."

मी दाराकडे पाहिलं. मग पहिल्यापासून सांगायला लागले, जरा मोठ्यानं.